ताईच्या हाडातला एक धागा

मी डीएनए बोलतोय. हळू बोलतोय, कारण अंगात त्राण उरलेलं नाही. ताईच्या कमरेच्या हाडात, आतल्या मऊ मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, एक पेशी आहे. त्या पेशीत गुंडाळून ठेवलेला दुपदरी धागा म्हणजे मी. सरळ केलात तर ताईच्या उंचीपेक्षा लांब भरेन, पण मला सरळ करायला वेळ आहे कुणाला!

माझी अर्धी वीण तिच्या आईची, अर्धी वडिलांची. आईचे कुरळे केस आणि वडिलांचं रुंद कपाळ माझ्यातच लिहिलेलं आहे. हट्ट कुणाकडून आला ते मात्र मी सांगणार नाही, घरात उगाच भांडणं नकोत. नवं रक्त तयार करणं हे आमच्या पेशीचं काम. पेशीची दुसरी पेशी झाली की माझीही नक्कल निघायची, आणि सुरुवातीला त्यात मजा वाटायची. खोटं कशाला बोलू.

ताई गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी एक जादा ब्रेक आणि समोर अख्खा रस्ता. एक दुकानदार येतो, तो ब्रेक समजून हमखास ॲक्सिलरेटर दाबतो. एक निवृत्त बाई वळण आलं की डोळे मिटून घेतात. ताई आवाज न चढवता म्हणते, तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा, बाकी मी बघते. लोक म्हणतात, बाई किती शांत! आत काय चाललंय ते आम्हाला विचारा.

मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी आहे. समोर ट्रक आला रे आला की ती रक्तात ॲड्रेनलिन ओतते. मग आमच्या पेशीच्या दारावर थाप पडते, उठा, धोका आहे. तिला मी नावं ठेवत नाही. ती सांगितल्या कामाची, आणि अशा थापेनेच माणसाचा जीव वाचतो. पण सकाळी कामावर गेल्यापासून थापच थाप म्हटल्यावर कुणाचंही डोकं उठेल. घरी आल्यावरसुद्धा ताईसाहेब खुर्चीत बसून उजव्या पायाने फरशी दाबत राहतात. तिचा धाकटा भाऊ बारक्या त्यावरून तिला फार चिडवायचा. म्हणायचा, खुर्ची थांबली गं ताई, आता उतर.

आमच्याकडे एक पहारेकरी असतो. शास्त्रज्ञांनी त्याला धड नावसुद्धा दिलं नाही, नंबरावर भागवलं. मी कुठे तुटलो ते त्याने बघायचं, बाकीचं काम थांबवायचं आणि रफू करणाऱ्यांना हाक मारायची. फारच तुटलो असेन तर पेशीला सांगायचं, बाई, आता आवरतं घे. मग पेशी शहाण्यासारखी स्वतःहून मिटते.

तुटायला मी रोजच तुटतो. जगायचं म्हटलं की झीज आलीच. पण दारावर सतत थापा पडत राहिल्या की पेशी त्या पहारेकऱ्यालाच मोडीत काढते. पहारा विरळ होतो, रफूचं काम मागे पडतं. असाच एकदा मी दोन्ही पदरांनी एकदम तुटलो आणि घाईघाईत भलतं टोक भलत्याला जोडलं गेलं. फार वाईट वाटलं. पण बघायला होतं कोण?

आणि मग बारक्या आजारी पडला. खिडक्यांना काचा बसवणारा धडधाकट मुलगा, आईच्या माघारी ताईनेच वाढवलेला. त्याच्या हाडांतलं रक्ताचं कामच बिघडलं. दुसऱ्याच्या हाडातला मगज मिळाला तरच तो वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तपासणी झाली. ताईचं आणि त्याचं जुळलं. त्या दिवशी ती भांडी घासता घासता रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या तपासण्या ठीक आहेत, पण मगज काढेपर्यंत जरा विश्रांती घ्या. ताई कसली ऐकते! शिकाऊ माणसांना अर्ध्या रस्त्यात कसं सोडायचं, म्हणाली. शेवटी बारक्याने तिला पलंगाजवळ बसवलं. चिडवायचंही बळ त्याच्यात राहिलं नव्हतं.

"ताई, तू मला काय देणार आहेस ते मला नीट कळत नाही," तो म्हणाला. "पण दमलेलं देऊ नकोस."

तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. झोपली, चालली, पुन्हा झोपली. दारावरच्या थापा हळूहळू थांबल्या आणि कितीतरी काळाने पहारेकरी आमच्याकडे परतला. शेजारपाजारच्या पेशींत फिरला. बहुतेक धागे चांगले निघाले, काहींचं रफू लगेच झालं. मला हायसं वाटलं. मग तो माझ्यापाशी आला आणि त्या चुकीच्या जोडाजवळ बराच वेळ थांबला.

मला जायचं होतं हो. नवं घर, नवी हाडं, आणि लहानपणापासून ज्याचं हसू ऐकलं त्याच्या रक्तात मिसळायचं. मी त्याला विचारलं, नेतील ना मला?

तो म्हणाला, "नेतील. तिथे तू वाढशीलही. पण कसा वाढशील, वेळेवर थांबशील की नाही, ते मला सांगता येत नाही."

बारक्या वाचायला हवा. मग माझ्यासारख्याने तिथे जाऊन काय करायचं? नको, म्हटलं. इथेच आवरू या.

पेशी मिटताना धागे कापायला येतात ते कापणारे आता माझ्याकडे आलेत. शिस्तीत, तुकड्या-तुकड्यांनी काम चाललंय. दुखत नाही, नुसतं हलकं वाटतंय. सकाळी मगज काढायची सुई येईल आणि माझ्या शेजारचे, नीट विणीचे, त्याच्याकडे जातील. जा रे बाबांनो, सांभाळा त्याला.

तुम्हालाही एकच मागणं आहे. तुमच्या आतही माझ्यासारखे पुष्कळ आहेत. अधूनमधून त्यांना जरा शांत बसू द्या, रफूला वेळ लागतो.

आणि ताईला यातलं काही सांगू नका. एक धागा कमी गेला म्हणून ती पुन्हा काळजी करत बसेल.