आपल्या घराची सळई

आमच्या प्रयोगशाळेत बांधकामाच्या सळया ताणून तोडतात. यंत्राचे दोन जबडे सळईला दोन्ही टोकांना धरून ओढतात आणि तिने किती जोरावर हार मानली, तो आकडा पडद्यावर येतो. मालक माझा सख्खा मोठा भाऊ. नोकरी त्यानेच दिली, आणि ते तो मला विसरू देत नाही.

लोखंड सावकाश ओढलं की खरी ताकद दाखवतं. झटक्यात ओढलं की तेच लोखंड उगाच पहिलवान होतं, आकडा वर चढतो. म्हणून वेगाला मर्यादा घातलेली आहे. पास-नापासाच्या काठावरची सळई आली की दादा ती मर्यादा खुंटीला टांगतो, मला खुर्चीवरून उठवतो आणि वेग वाढवतो. सळई पास. अहवालावर सही मात्र माझी. नसेल करायची तर घरी बस, हे तो हसत हसत सांगतो. त्या हसण्याची मला चीड येते.

गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या घरावर मजला चढवायला घेतला. सळईचे तुकडे काखोटीला मारून आला आणि आधी दार लावून घेतलं.

"हे अगदी सावकाश ओढ हं."

"का रे? एरवी तर घाई असते."

"थट्टा नको. तुझी वहिनी नि पोरं झोपणारेत त्याखाली."

मी सावकाश ओढली. नापास. दादाचा चेहरा पडला. त्याने दुकानदाराला फोनवर असा काही झापला, की सगळा माल त्याच दिवशी परत गेला. मला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडले. मी पण खुळीच!

आठवड्याभरात त्याच दुकानातून तुकडे आले. तोच शिक्का, तोच माल. या खेपेला प्रसूतिगृहाच्या स्लॅबसाठी.

"दादा, ही तुझ्या घरची सळई आहे."

"होती," तो म्हणाला आणि वेग वाढवला. पास. अहवाल माझ्यापुढे सरकवला.

"तिथेही कुणाची तरी बायकापोरं झोपणार आहेत," मी म्हटलं. "मी सही करणार नाही."

त्याने वाद घातला नाही. कोऱ्या कागदावर माझा राजीनामा स्वतःच लिहिला. त्यावर मी ताबडतोब सही केली. सुटले, असंही वाटलं.

दादाने तो कागद अहवालाशेजारी ठेवला आणि माझ्यादेखत, बघून बघून, माझी सही अहवालावर उतरवली.