मामीच्या अळिंबीला ऊन लागेना

मयुरी जळगावला धिंगरी अळिंबीवर, म्हणजे ऑयस्टर मशरूमवर, पीएचडी करत होती. उन्हाच्या तडाख्यात धिंगरीतली कोणती जनुकं जोर धरतात, हे तिला मोजायचं होतं. पण मोजायला आधी एक असं जनुक हवं, जे ऊन असो की गारवा, आपलं काम तेवढंच करत राहील. त्याच्याशी ताडून पाहिलं, तरच बाकीच्यांची वाढ-घट कळते. बहुतेक लोक त्यासाठी डोळे झाकून ॲक्टिन नावाचं जनुक धरत. मयुरीला डोळे उघडे ठेवून निवड करायची होती, म्हणून तिने सोबत आणखी काही उमेदवार घेतले.

तिचे मामा प्रेमराज सोनगीरला भुशाच्या पिशव्यांत धिंगरी पिकवत. तिने त्यांना सांगितलं, "मामा, अर्ध्या पिशव्या गार खोलीत टांगा, अर्ध्या पत्र्याच्या खोलीत. तिथल्यांना चांगलं तापू द्या."

मामांनी तसं केलं. ठरल्या दिवशी दोन्हीकडच्या अळिंबीचे तुकडे तिने दिलेल्या द्रावणात बुडवून जळगावच्या बसने पाठवले.

निकाल पाहून मयुरी नाचायचीच बाकी राहिली. ॲक्टिन स्थिर. बाकीचे उमेदवारही स्थिर. ती धावतच आपल्या मार्गदर्शक मेघा मॅडमकडे गेली.

मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "गरमीत हमखास उसळणारं एक जनुकही तू तपासलंस ना?"

"हो मॅडम."

"तेही गप्प बसलंय. मे महिन्यात, पत्र्याखाली! ही अळिंबी आहे की हिमालयातला साधू?"

मयुरीचा चेहरा पडला. म्हणजे पत्र्याखालच्या पिशव्या तापल्याच नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी तिने सोनगीर गाठलं. मामा ओसरीवर घामाघूम होऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. घरातला कूलर जागेवर नव्हता. तो पत्र्याच्या खोलीत घरघरत होता, भोवती ओली गोणपाटं लटकत होती आणि वच्छलामामी पिशव्यांवर पाणी शिंपडत होती.

"मामी! हे काय?"

"माय वं, बठ्ठा कोमाई जातस ना बिचारा! मन्हा जीव कळवळना."

"अगं, सगळ्या कोमेजल्या तरी चालतील, त्यांना तापवायचंच होतं!"

"तुले दया शे का नही?"

मामांना वाटलं होतं, कूलरही भाचीच्या अभ्यासातलाच भाग. म्हणून बिचारे काही बोलले नव्हते.

मयुरीला रडू यायचं, ते हसूच आलं. तो सुंदर आलेख तिने बाजूला टाकला आणि सगळं पुन्हा मांडलं. या वेळी ती स्वतः सोनगीरला राहिली. गार खोली मामीच्या ताब्यात दिली, पत्र्याच्या खोलीची किल्ली आपल्या ओढणीला बांधली. तरी मामी खिडकीतून आत डोकावून हळहळायचीच.

या खेपेला गरमीचं जनुक उसळलं. ॲक्टिन असं डगमगलं, की त्याच्या भरवशावर काही मोजणं म्हणजे हलत्या होडीत तराजू धरणं. मात्र कोणी फारसं न विचारलेली दोन जनुकं दोन्ही खोल्यांत जशीच्या तशी उभी होती. मयुरीने तीच निवडली.

मेघा मॅडम खूश झाल्या. प्रयोगशाळेतला स्वप्नील मात्र तिच्याशी बोलेना. त्याची उन्हाळी धिंगरीची सगळी मोजणी ॲक्टिनवर उभी होती. अखेर एका दुपारी तो शेवभाजीचा डबा घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"तुझी ती दोन जनुकं सांग ना," तो पुटपुटला. "मलाही सगळं पुन्हा मोजायचंय."

मयुरीने डबा उघडला. "बस आधी. भाजी गरम आहे."