वाढलेले लोलक

"आप्पा, दोन वाढलेत," रंगनाथ फोनवर म्हणाला.

"वाढलेत? मंग बरंच की. ठिव जपून," असं म्हणून रामहरीआप्पांनी फोन ठेवला. ते नगरच्या बाजारात होते. मागं गाड्यांचा नुसता कालवा चालला होता.

रंगनाथ देवळाच्या सभामंडपात फरशीवर बसला होता. कप्पीवरून खाली सोडलेलं झुंबर त्याच्यासमोर होतं. भिंगारच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं. साहेब गेला, सामानाचा लिलाव झाला, आणि तिसगावाकडच्या या लहान गावातल्या एका भाविकानं ते कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून आणलं, असं जुनी माणसं सांगत. पितळेच्या फांद्या, टोकाला मेणबत्तीच्या वाट्या आणि खाली लोंबणारे काचेचे लोलक. वर्षभर ते फडक्यात बांधलेलं असे. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी तेवढ्या मेणबत्त्या लागत. ज्योत हलली की भिंतीवर तांबडे-निळे ठिपके पळत, आणि सगळा मंडप पाण्यात असल्यासारखा दिसे.

लोलक धुणं साळूबाईकडं होतं. ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, जुन्या लुगड्यानं पुसायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. रंगनाथ तारेत अडकवायचा. साळूबाई पौषात गेली. यंदा तो एकटाच बसला. ओला लोलक कसा धरायचा हे त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. दोन निसटले.

रामहरीआप्पा देवस्थानचे अध्यक्ष. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मेनबत्त्या लावायच्या तर झुंबर धड पाहिजे. काय कमी पडलं तर फोन कर, मी नगरहून आनतो. लोकांपुढं अर्धवट टांगायचं न्हाई. न्हाईतर योगेशला दिवे बसवू देनार."

योगेश गावातला वायरमन. संध्याकाळी आप्पांच्या मागोमाग तोही आला. आप्पांचे हात रिकामे होते.

"लोलक कुठंयत?" रंगनाथनं विचारलं.

"कसले लोलक? तूच म्हनला ना, दोन जास्तीचे झाले."

"जास्तीचे कुठं? वाढले म्हनलो."

"म्हंजी?"

"म्हंजी... बांगडी वाढती तसं."

 आप्पांनी कपाळाला हात लावला. "आरं, फुटले म्हनायचं की सरळ! बायकांवानी काय बोलतो?"

"घरात तसंच म्हनायची ती. काचंला फुटली म्हनू दिलं न्हाई कधी."

योगेश रंगनाथकडं बघून हसला. "नाना, आता माझ्या मोबाईलची काच वाढली म्हना की!"

रंगनाथला हसू आलं नाही. साळूबाई गेली तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, भाग्याची, हिरव्या चुड्यानं गेली. त्याचीच समजूत घालत होत्या त्या. ती मागं राहिली असती तर तिच्या बांगड्या वाढवल्या असत्या, कुंकू पुसलं असतं. गावाला दिसलं असतं. त्याच्या अंगावर वाढवण्यासारखं काही नव्हतंच. दहाव्याला डोकं भादरलं, तर केस पुन्हा उगवले.

"आप्पा, दोनच हायेत. रिकामी बाजू मागं करतो, कुनाला दिसायची न्हाई. येवढी बारी लावू द्या."

आप्पांचा आवाज खाली आला. "लोलकाचं सोड रे. तू कोपऱ्यात दोरी धरनार. मंग झुंबराखाली उभं राहून वर कोन बघनार? एखादी मेनबत्ती कलली, वर बांधलेल्या कापडाला लागली म्हंजी?"

रंगनाथनं झुंबराखालच्या मोकळ्या फरशीकडं पाहिलं.

"योगेश, आन तुझी वायर," आप्पा म्हणाले.

सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी योगेशनं बटण दाबलं आणि झुंबर लखलखलं. माणसांनी मोबाईल वर केले. "लई भारी!" कुणीतरी म्हणालं. भिंतीवर ठिपके पडले, पण जिथल्या तिथं राहिले.

मेणबत्त्या असताना मेणाचे थेंब गळत, म्हणून झुंबराखाली कुणी बसत नसे. त्या मोकळ्या जागेत साळूबाई एकटी मान वर करून उभी राही. "डावीकडची कलली, अवं, डावीकडची!" असं ओरडून सांगे. आज तिथं सतरंजी अंथरली होती. बायका लेकरं घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. एकीनं रंगनाथकडं पाहिलं आणि सरकून थोडी जागा केली.

"बसा की, नाना."

तो खांबाशी उभाच राहिला.