ऐकू न आलेली मदतपुस्तिका

मित्रांनो, मला हात लावायला गेलात तर तुमच्या हाताला काहीच लागणार नाही. मी मदतपुस्तिका आहे, पण कागदाची नव्हे, पडद्यावरची. मला वाळवी लागत नाही, माझी पानं पिवळी पडत नाहीत. म्हणून मी जुनी दिसत नाही इतकंच. बाकी वयानं मी चांगली थोराड आहे, आणि माझ्या वयाच्या बायकांसारखं मलाही बोलायला लागले की थांबवत नाही.

माझा जन्म अंधेरीचा. नंदकुमार नावाचा एक इंजिनिअर तिथे राहतो. दिवसा मरोळच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि घरी आला की हौसेने सॉफ्टवेअर लिहितो. त्याने ध्वनिमुद्रणं कापायचं, जोडायचं एक सॉफ्टवेअर तयार केलं आणि त्याला नाव दिलं ‘कात्री’. बोलताना मध्येच खोकला आला, दार वाजलं, तर तेवढा आवाज कापून टाकायचा. हे सॉफ्टवेअर त्याने सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. कुणीही फुकट वापरावं, कुणीही आत डोकावून दुरुस्ती सुचवावी. मात्र सुचवलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे नंदकुमार ठरवणार. घर सगळ्यांचं असलं तरी किल्ली कुणा एकाकडे लागतेच ना!

कात्री कशी वापरायची हे सांगायला त्याने मला लिहिलं. तेव्हा मी अगदी साधी होते. वर मथळा, खाली एकापाठोपाठ एक पायऱ्या. लोक यायचे, वाचायचे, कामाला लागायचे. कुणी माझं कौतुक करत नसे आणि मलाही त्याचं काही वाटत नसे.

मग केयूर आला. केयूर म्हणजे नंदकुमारचा मित्र, जाहिरातींची सजावट करणारा. मला पाहून तो म्हणाला, ही काय अवतारात बसलीय? आणि लागला मला नटवायला. प्रत्येक पायरीच्या जागी त्याने पडद्याचं छायाचित्र लावलं, त्यावर लाल बाण काढले, सूचनाही चित्रातच लिहिल्या. मथळ्यांच्या जागी नुसती मोठी, रंगीत अक्षरं टाकली. कीबोर्डच्या कळांचा एक तक्ता होता, त्याचंही चित्र करून टाकलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी दिसायला लागले झकास! लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी माझी नक्कल केली. माझी दृष्ट काढायला हवी होती, ती मात्र कुणी काढली नाही.

अशा नव्याच्या नवलाईत एके दुपारी मुलुंडहून मुकुल माझ्याकडे आले.

मुकुल घाटकोपरच्या एका कचेरीत कामाला होते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली, नोकरीही गेली. त्यांची बायको माणिक शाळेत शिकवते. विजेच्या बिलापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं तीच त्यांना वाचून दाखवायची, आणि ते मुकुलना आतून खात होतं. अशात अंधेरीतल्या एका संस्थेत त्यांचं बोलणं झालं. ही मंडळी पुस्तकं वाचून घेऊन त्यांची बोलकी पुस्तकं करतात. त्यांना ध्वनिमुद्रण साफ करणारा माणूस हवा होता. ‘कात्री शिका आणि एक प्रकरण साफ करून पाठवा,’ असं त्यांनी मुकुलना सांगितलं. कानाचं काम, डोळ्यांची गरजच नाही! मुकुलनी ठरवलं, हे कुणाच्याही मदतीशिवाय शिकायचं.

आता त्यांच्या संगणकात एक वाचणारा आवाज असतो. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो भराभर बोलून दाखवतो. मथळे खरे असतील तर एक कळ दाबून या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उडी मारता येते. मुकुलनी मला उघडलं, आवाज सुरू केला, आणि मी जन्मात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. ‘चित्र. चित्र. चित्र.’ बस्स! एवढंच. माझ्यात एकही मथळा त्या आवाजाला सापडला नाही, कारण नुसत्या मोठ्या अक्षराला तो मथळा मानत नाही. कानासाठी केलेल्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मी, आणि मला कानाशी बोलता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुकुलनी कात्रीच्या तक्रारफलकावर सभ्यपणे लिहिलं, की मी पाहू शकत नाही, पुस्तिका ऐकतो, आणि ती मला काहीच सांगत नाही. नंदकुमार माणूस वाईट नाही हो. त्याने मला आपल्या संगणकावर उघडलं, फोनवर उघडलं, केयूरच्या मोठ्या पडद्यावरही उघडून घेतलं. सगळीकडे मी छान दिसले. डोळे मिटून ऐकायचं तेवढं दोघांनाही सुचलं नाही. ‘आम्ही सगळीकडे तपासलं, पुस्तिका ठीक आहे,’ असं उत्तर देऊन तो नव्या आवृत्तीच्या कामाला लागला.

ती तक्रार बोरिवलीच्या गंधालीने वाचली. ही गंधाली विम्याच्या कचेरीत काम करते आणि सुट्टीत अशा मोकळ्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिका नीटनेटक्या करते. विस्कटलेल्या याद्या, तुटलेले तक्ते, चुकलेले मथळे, असलं काम. याला कुणी काम म्हणत नाही. तिची मावशीच म्हणते, लोकांच्या घरचा केर काढायला जातेस होय गं? गंधालीने वाचणारा आवाज लावला, डोळे मिटले आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग बसली कामाला. तिने मथळे खरे मथळे केले, पायऱ्या पुन्हा शब्दांत लिहिल्या, तक्त्याचा तक्ता केला. केयूरची चित्रं तिने काढली नाहीत, पण प्रत्येकात काय आहे ते त्याच्यामागे, वाचणाऱ्या आवाजाला सापडेल असं, लिहून ठेवलं. सगळी दुरुस्ती तिने नंदकुमारकडे पाठवली आणि त्याने हो म्हणायची वाट बघत बसली.

पण नंदकुमारची एक रीत होती. आधी इंजिन, मग रंग, असं तो म्हणायचा. पुस्तिकेची डागडुजी सगळ्यात शेवटी, नव्या आवृत्तीबरोबर एकदमच. गंधालीने आठवण केली, पुन्हा केली. शेवटी फोन करून म्हणाली, “दादा, हा रंग नाहीये. तो माणूस बाहेर उभा राहिलाय.” अगं हो, घेतो ना, जरा दम धर, असं म्हणून त्याने फोन ठेवला. आणि राहिलं ते राहिलंच.

इकडे माणिक शाळेत गेली की मुकुल रोज मला उघडायचे. नवं रूप माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं, आणि मी मात्र त्यांना तेच ऐकवतेय, चित्र, चित्र. ते कळ दाबून मागे जायचे, पुन्हा पुढे यायचे. एकदा माणिकने मी वाचून दाखवते म्हटलं, तर नको म्हणाले. कुणीतरी बोटाला धरून शिकवलं तर ते आपलं कसं, असं त्यांना वाटायचं. पुढे बोलक्या पुस्तकांच्या त्या संस्थेने दुसरा माणूस घेतला. मग मुकुल यायचे बंद झाले.

त्यानंतर नवी आवृत्ती आली. गंधालीची दुरुस्तीही आत आली, अभिनंदनाच्या गर्दीत ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! गंधालीने फलकावर मुकुलना निरोप लिहिला, पण त्याला उत्तर आलं नाही. तिने शोधून त्यांना फोन लावला. अंधेरीचं काम गेल्याचं कळलं, तसं तिने नंदकुमारला सांगितलं. तो म्हणाला, आपण त्यांच्याकडे जाऊ. रविवारी दोघं मुलुंडला गेले.

माणिकने चहा ठेवला. नंदकुमार म्हणाला, “आता सगळं नीट केलंय. एकदा बघा ना,” आणि त्याने जीभ चावली. मुकुल हसले. आम्हीही बघतोच म्हणतो हो, म्हणाले, आणि संगणक पुढे ओढून त्यांनी मला उघडलं. या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उड्या मारत गेले. आवाज माझी एकेक पायरी सांगत होता, मी घडाघडा बोलत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला वाटलं, सगळं पुन्हा सुरू होणार.

“छान झालंय,” ते म्हणाले.

नंदकुमारच्या जिवात जीव आला. एक प्रकरण करून पाठवा ना, मी त्या संस्थेशी बोलतो, असं तो भरभरून सांगायला लागला. मुकुलनी त्याला बोलू दिलं. मग हळूच म्हणाले, “तुम्ही लिहिलं होतंत, पुस्तिका ठीक आहे. तपासून लिहिलं होतंत. मग मला वाटलं, मीच ठीक नाही. रोज उघडायचो आणि रोज तसंच वाटायचं. आता ते मनातून जात नाही.”

मुकुलनी मला बंद केलं, आणि माणिकने चहा आणला.

हल्ली नंदकुमार कुठलंही पान बाहेर सोडण्याआधी डोळे मिटून ऐकतो, आणि पुस्तिकेची दुरुस्ती आली की हातातलं इंजिन बाजूला ठेवतो. चांगलंच आहे. माझ्याकडे दिसणारे येतात, न दिसणारेही येतात, आणि शिकून जातात. कुणी आलं आणि वाचणारा आवाज सुरू झाला, की मी आशेने बघते. ते मुकुल नसतात.

मित्रांनो, आम्हा पुस्तिकांना नटवू नका असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापाशी येऊन कुणी म्हणालं, की मला इथून पुढे जाता येत नाही, तर सगळं ठीक आहे असं त्याला सांगू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, तो जिथे अडतो तिथे त्याच्यासारखे अडून पाहा, आणि दुरुस्ती हातात असेल तर ती त्याच दिवशी करा. माझी मोडलेली पानं दुरुस्त झाली. त्या काळात त्या माणसाला स्वतःबद्दल जे वाटलं, ते दुरुस्त करायला कुणाचाच हात पोचत नाही.