मोडायला नेलेली पॉलिसी

पान १

मित्रांनो, मी एक जुनी पॉलिसी आहे. घराच्या विम्याची. जुनी म्हणजे सव्वातीन वर्षांची. पण आम्ही कधी संपणार ती तारीख आमच्याच अंगावर छापलेली असते, म्हणून आम्हाला वय लवकर चढतं. माझी मुदत दहा वर्षांची. दोन्ही बाजूंनी छापलेली नऊ पानं, डाव्या कोपऱ्यात एक पिन.

मी पानापानानेच बोलणार आहे. दुसरं काही मला येत नाही.

पान २

माझा जन्म आदिलाबादच्या एका विमा कार्यालयात झाला. यंत्रातून गरमागरम बाहेर पडले, पिन टोचली गेली आणि दौलत नावाच्या एजंटाने मला पिशवीत घालून तामसीकडच्या एका गावी नेलं. तिथे नागोरावांनी नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. घरात चार माणसं: नागोराव, त्यांची बायको वच्छलाबाई, मुलगा वैभव आणि सून रुपा.

मी इंग्रजीत होते. दौलतने मला एका वाक्यात समजावून सांगितलं.

"घर जळालं, पडलं, इज पडली, का कंपनी भरून देते. बस."

नऊ पानांचं एक वाक्य! पण सगळे खूश झाले. वच्छलाबाईंनी दौलतला चहा दिला.

पान ३

या पानावर रकाने आहेत. दौलतने ते त्याच ओसरीवर विचारून विचारून भरले होते.

"घरात दुकान हाय का, मामा?"

"नाई."

"गोदाम? माल ठेवता काई?"

"गोदाम? आमी काय शेठ हाव काय बाप्पा?" नागोराव हसले.

दौलतने रकान्यात 'नाही' लिहिलं.

नागोराव खोटं बोलले नाहीत, मित्रांनो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्यावर बरंच काही येणार आहे.

पान ४

दिवाळी झाली आणि समोरच्या खोलीत कापूस आला.

आमच्या भागात कापूस वेचला की घरात येतो. भाव बरा मिळेपर्यंत घरातच राहतो. आधी कोपऱ्यात, मग खिडकीपर्यंत, मग पार वर पंख्याला टेकेपर्यंत. लहान मुलं त्यावर उड्या मारतात, पाहुणा आला तर त्यावरच झोपतो. त्याला कुणी माल म्हणत नाही. घरात ज्वारी असते, माणसं असतात, तसा कापूस असतो. दौलतच्या स्वतःच्या घरीही होता.

त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वच्छलाबाईंनी जमिनीचं पट्टादार पासबुक आणि बँकेचं पासबुक पाटावर मांडलं, त्यांच्या खाली मला ठेवलं. मला हळदीकुंकू लागलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस होता. मात्र पंचामृताची वाटी कलंडली, आणि मध आणि साखर माझ्या पोटात शिरली. पान सहा आणि पान सात एकमेकांना चिकटली.

कुणी सोडवली नाहीत. कुणाला कळलंच नाही.

पान ५

मानानंतर विसर पडला. मी पत्र्याच्या पेटीत तळाशी गेले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. घराला काही झालं नाही, आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

"तीन साल झाले," नागोराव एका सकाळी म्हणाले. "ना जळालं, ना पडलं. पैसा फुकट गेला."

"अवो, काई झालं नाई हे चांगलंच हाय ना?" वच्छलाबाई म्हणाल्या. "का व्हावं वाटते तुमाले?"

"तसं नाई म्हन्त मी. दहा सालाचे आठ हजार भरले. तीन साल गेले. सात सालाचे वापस घेऊ. खिडक्याले ग्रील लावू. कागदापरीस लोखंड बरं."

माकडं खिडकीतून आत शिरून कापूस विस्कटत होती, हे खरं होतं. ग्रीलवाल्याला शब्द देऊन झाला होता. तो बुधवारी येणार होता. मंगळवारी वैभव शेतावर गेला, आणि नागोराव आणि रुपा मला घेऊन सकाळच्या बसने आदिलाबादला निघाले. रुपा बारावी शिकलेली. तेलुगू वाचते, इंग्रजीही अडखळत वाचते. तिने मला मांडीवर उघडलं. पाच झालं की एकदम आठ.

"मामाजी, मधातलं पान दिसून नाई राह्यलं."

"असन काईतरी. सही कुठं करायची ते पाह्य."

पान ८

(सहा आणि सात अजून बंद आहेत. थोडं थांबा.)

कार्यालयात खिडकीमागे अश्विनी नावाच्या बाई बसल्या होत्या. नागोरावांनी मला पुढे सरकवलं.

"मॅडम, हे मोडायची हाय."

"काऊन मोडता काका? घर विकलं का?"

"घर जाग्यावर हाय. आमाले गरज नाई आता."

अश्विनीबाईंनी दरखास्तीचा, म्हणजे अर्जाचा, कागद काढला. रुपाने नाव, गाव, नंबर भरला. बाई माझी पानं उलटत गेल्या आणि त्यांचं बोट अडलं. त्यांनी पट्टी घेतली, तिची कड माझ्या पोटात घातली आणि हळूहळू ओढू लागल्या.

मला दुखलं. पण भीती दुखण्याची नव्हती. आत काय छापलंय ते या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं.

पान ७

आधी सात सुटलं. त्यावर तक्ता आहे.

"काका, तुमाला अंदाजे तीन हजार मिळतील."

"तीन?" नागोराव खुर्चीतून उठले. "सात साल बाकी हायेत! पाच हजार सहाशे होतात. मी हिसाब करून आलो."

"दहा वर्षांचे एकदम भरले म्हणून तुमाला सूट मिळाली होती. मधातच मोडली की ती सूट परत जाते. शिवाय मोडण्याचा खर्च कापतात. हा पाहा तक्ता."

"मोडायचे बी पैसे? म्हंजे पंगतीतून अर्ध्यात उठलो तर आचाऱ्याले उठनावळ द्यायची?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. अश्विनीबाई हसल्या नाहीत.

"तीन वर्षं तुमच्या घराची जोखीम कंपनीनं घेतली काका. आन एक नीट ऐका. मी या दरखास्तीवर शिक्का मारला की त्या मिनिटापासून ही पॉलिसी संपली. घरी जाईपर्यंत काही झालं तरी कंपनी विचारणार नाही."

रुपा म्हणाली, "मामाजी, भरल्याच्या अर्धे बी नाई येऊन राह्यले. राहू द्या ना."

"ग्रीलवाल्याले शब्द देल्ला," नागोराव म्हणाले आणि त्यांनी दरखास्तीवर सही केली.

शिक्का शाईच्या डबीवर दाबला गेला. मी तो पाहत होते.

पान ६

शिक्का वर उचलला आणि अश्विनीबाई थांबल्या. सातला चिकटलेलं सहा आता पूर्ण सुटलं होतं, आणि त्यांची नजर त्यावर गेली होती.

"काका, एक विचारते. घरात सध्या काय आहे?"

"काय म्हंजे? कापूस." नागोरावांचा आवाज जरा वर चढला, कौतुकाने. "समोरची खोली पंख्यापर्यंत भरली हाय."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. शाईची बाजू टेबलावरच टेकली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"दरसाल असतो?"

"दरसाल. घर हाय म्हनल्यावर."

मग त्यांनी माझं सहावं पान मोठ्याने वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. पेट घेणारा माल घरात साठवत असाल तर कंपनीला आधी लिहून कळवा. न कळवता साठवला, आणि त्याच्यापायी आग लागली, तर मालाचे पैसे नाहीत, आणि घराचेही बहुधा नाहीत.

नागोराव खाली बसले.

"म्हंजे ह्या तीन सालात—"

"दिवाळी ते होळी, तुमच्या घरावर काहीच नव्हतं म्हणा ना."

मित्रांनो, तीन वर्षं मी पेटीत पडून होते आणि घरातली चार माणसं माझ्या भरवशावर निजत होती. ती लाज मी कुठल्या पानावर लिहू?

तेवढ्यात रुपाचा फोन वाजला.

पान ९

हे सहीचं पान आहे. एरवी इथे फार काही नसतं.

फोनवर वच्छलाबाई होत्या. रुपाने आवाज मोठा केला.

"रुपा, ग्रीलवाला आजच आला व माय. उद्या त्याले निर्मल गावाले जायाचं हाय म्हन्ते. समोरच्या खिडकीपासून लावू काय म्हून इचारून राह्यला."

"आत्याबाई, त्यानं वेल्डिंगची मशीन लावली काय?"

"हाव, वायर जोडला. त्याले म्हनलं कापूस हाय. तो म्हन्ते चार टिपके मारतो, दोन मिंटाचं काम. मी बारदान टाकलं वरून."

"नका मारू देऊ! आत्याबाई, थांबवा त्याले! आत्याबाई?"

फोन कटला. रुपाने पुन्हा लावला, वाजत राहिला. वच्छलाबाई फोन आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवून बाहेर जातात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नागोरावांनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

"मॅडम, शिक्का मारला नाई ना? हा कागद जित्ता हाय ना अजून?"

"जिवंत आहे काका," अश्विनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण कापसापुढे नाही. मी आत्ताच वाचलं ना."

मी जिवंत होते आणि कामाची नव्हते. वेल्डिंगची ठिणगी कशी उडते ते तुम्ही पाहिलं असेल. ती खाली पडताना विझल्यासारखी दिसते.

रुपाने तुळजाबाईंना फोन लावला. शेजारचं घर, मध्ये फक्त काटेरी कुंपण.

"काकू, पळा! आमच्या घरी पळा! वायर काढा, बटन बंद करा, काई बी करा!"

"काय झालं व?"

"ग्रीलवाला! कापूस!"

एवढ्या दोन शब्दांत तुळजाबाईंना सगळं कळलं. फोन चालूच होता. आम्हाला पळण्याचा आवाज आला, कोंबड्या उडाल्या, मग शिवी, मग खण्णकन लोखंड पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मग तुळजाबाईंचा आवाज. "वायर काढला. बारदानाले भोक पडलं हाय. धूर नाई."

नागोरावांनी फोन रुपाच्या हातातून ओढला.

"तुळजा, धूर नसला म्हून थांबू नको! कापूस आतून धुमसते, वरून दिसत नाई! खोली खाली करा! सगळी! सगळ्यायले बोलाव!"

त्यांना हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही तीन वर्षं रकान्यात 'नाही' होतं.

पानाबाहेर

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बस मिळेना म्हणून आम्ही ऑटोने निघालो, मी रुपाच्या पदराखाली. नागोराव वाटभर एकच गोष्ट विचारत होते, "धूर दिसते काय व?" आणि रुपा सरळ रस्त्याकडे पाहून म्हणत होती, "नाई मामाजी."

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. बायका ओंजळी भरभरून कापूस बाहेर आणत होत्या, ताडपत्रीवर पसरत होत्या. ग्रीलवालाही डोक्यावर गाठोडं घेऊन पळत होता. खिडकीपासून हातभर आत, ढिगाच्या पोटात, एक काळं घरटं सापडलं होतं. नारळाएवढं. मध्ये लाल. वच्छलाबाईंनी ते घमेल्यात घेऊन हौदात बुडवलं होतं. त्यांच्या डाव्या हाताला फोड आले होते.

नागोराव बायकोकडे पाहून म्हणाले, "हात पाह्यू."

"कागद मोडला काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग आता काय?"

दहावं पान

दोन दिवसांनी नागोराव, वच्छलाबाई आणि रुपा आदिलाबादला आले. वच्छलाबाईंच्या हाताला पट्टी होती. अश्विनीबाई म्हणाल्या, "मोडू नका. कापसाचं लिहून द्या, मी वर पाठवते. जास्तीचे पैसे लागतील. मंजूर करतील का नाही, मला सांगता येत नाही."

त्यांनी कोरा कागद दिला. रुपाने पेन उघडलं.

"काय लिवू?"

"खरं ते लिव," नागोराव म्हणाले. "दरसाल दिवाळीपासून आमच्या घरात कापूस असतो. किती असतो ते लिव. कुठं असतो ते लिव. स्वयंपाकाच्या खोलीपासून किती पावलं, ते बी."

रुपाने मराठीत लिहिलं. वच्छलाबाई वाकून पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही, तरी ओळी मोजत होत्या.

"झालं? मंग हे बी लिव. घरात मानसं चार."

"काकू, ते नाही लागत," अश्विनीबाई म्हणाल्या. "हा घराचा विमा आहे. माणसांचा वेगळा असतो."

"असू द्या ना बाई. त्याले ठावं असलं पायजे."

'त्याले' म्हणजे मला. सव्वातीन वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदा घरातलं काही सांगत होतं.

तो कागद माझ्या पाठीला टोचला गेला. वरून उत्तर अजून आलेलं नाही. उरलेला कापूस अंगणात ताडपत्रीखाली आहे, खिडकी उघडी आहे, आणि नागोराव रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहतात. उत्तर नाही असंही येऊ शकतं. मग मला मोडतील, तक्त्याप्रमाणे कापून उरलेले पैसे घेतील, आणि ते बरोबरच असेल.

पण मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा कागद असेल. तो तुमच्या घरी राहतो, पण त्याला घर दिसत नाही. त्याला तेवढंच ठाऊक असतं जेवढं तुम्ही त्याच्यावर लिहिता. आज घरी जा, त्याला बाहेर काढा आणि मोठ्या माणसांना विचारा, की आपल्या घरात खरोखर काय काय आहे. जे सांगितलं नसेल ते सांगा. पटकन सांगा.

माझ्या दहाव्या पानावर शेवटची ओळ निळ्या शाईची आहे, जरा वाकडी. अश्विनीबाईंनी ती खोडायला पेन उचललं होतं. मग ठेवून दिलं.

घरात माणसं चार.