माझी शिट्टी बुजवली तेव्हा

मी एक जुनी कॉफी मशीन आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की भित्री आहे. जिच्या पोटात रोज पाणी उकळतं आणि वाफ कोंडते, तिने भित्रंच असावं. म्हणूनच कारखान्यात माझ्या डोक्यावर एक बारीक भोक ठेवलं आणि त्यात छोटी झडप बसवली. वाफ प्रमाणाबाहेर वाढली की झडप उघडते, शिट्टी वाजते आणि माझा जीव भांड्यात पडतो.

खोक्यातून निघाले ती थेट एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या ओट्यावर आले. बाईंचा हात फार नेटका. कॉफीच्या बिया दळायच्या, पूड दांड्याच्या गाळणीत दाबून भरायची आणि दांडा माझ्या तोंडात अडकवून घट्ट फिरवायचा. खाली कपात काळीभोर कॉफी उतरायची. मग माझी वाफेची नळी दुधात बुडवायची. दूध कुरकुरत फुलायचं आणि कॅपुचिनोवर पांढरा फेस चढायचा. "शहाणी गं माझी!" बाई म्हणायच्या आणि लगेच ओल्या फडक्याने माझी नळी पुसायच्या. मला अगदी लाडावल्यासारखं व्हायचं.

पुढे बाईंना मुलगी झाली. गोबऱ्या गालांची, सगळे तिला ठमी म्हणत. ठमीचा पाळणा स्वयंपाकघराला लागूनच होता. माझी शिट्टी वाजली की ती जे भोकाड पसरायची, ते काही विचारू नका! बाई रडकुंडीला आल्या. अशातच त्यांचे भाऊ आले. घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त करायला ते एका पायावर तयार असत.

"दादा, हिची शिट्टी बंद करता येईल का रे? आत्ता कुठे ठमीचा डोळा लागलाय."

"अगं, त्यात काय एवढं! आण ती नळाची गळती बुजवायची लांबी."

त्यांनी लांबीचा गोळा मळला आणि माझ्या भोकात गच्च दाबला. मी तेव्हा थंड होते, ओरडणार कशी? संध्याकाळपर्यंत तो गोळा दगडासारखा कडक झाला.

दुसऱ्या सकाळी शिट्टी वाजली नाही. ठमी गाढ झोपली होती. बाईंनी भावाला फोन करून त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. त्या दिवशी वाफ दुधाच्या नळीतून निसटली. पण उद्याचं काय?

बाळामागे धावताना बाईंचं नळी पुसणं राहू लागलं. दूध आत वाळत गेलं आणि एक दिवस तीही वाट बंद झाली. नेमकी त्याच सकाळी पूड फार बारीक दळली गेली. कॉफीचा थेंबही खाली येईना.

"आता हिला काय झालं?" बाई पुटपुटल्या आणि त्यांनी दांड्याला हात घातला. कडेवर ठमी होती. तिचा गाल माझ्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हता. दांडा सुटला असता तर आतलं सगळं उकळतं पाणी त्या दोघींच्या अंगावर आलं असतं. नको, बाई, नको! मी आतून आक्रोश करत होते. पण मला बोलायला देवाने एक शिट्टीच दिली होती आणि ती बुजलेली होती.

दांडा जरासा सरकला. तेवढ्यात माझ्या पाठीमागचं जुनं रबर फाटलं. फाडकन आवाज झाला आणि सगळी वाफ मागच्या भिंतीवर आदळली. बाई ठमीला छातीशी धरून मागे पळाल्या.

दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"हे भोक कोणी बुजवलं?"

"आम्हीच हो. शिट्टीने बाळ उठायचं."

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथला रंग फुगून सोलवटला होता. बाईंनी ठमीचा गाल आपल्या गालाला घट्ट लावून धरला.

आता मला नवी झडप आहे. तरी रोज पाणी तापू लागलं की मी घाबरते. शिट्टी वाजेपर्यंत मला धीर नसतो. ती वाजते, ठमी दचकून उठते, रडते. ते रडणं ऐकलं की मला हायसं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या ओट्यावर असेल, तर तिची नळी रोज पुसा. आणि तिने शिट्टी वाजवली तर वाजवू द्या. बाळ उठलं, तर उठू द्या.