जाळीतली टपालपेटी

जेल रोडच्या कोपऱ्यावरची लाल टपालपेटी शेजारच्या सोसायटीच्या नव्या कंपाउंडात गेली अन् चेअरमन महेशच्या अंगात आलं. पेटीला जाळी, जाळीला कुलूप, वर बोर्ड: बाहेरच्यांनी टपाल वॉचमनकडे द्यावं, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता सक्तीचा. पेटी सरकारची अन् कायदा ह्याचा. मी समोर वीस वर्षं भाजी विकते, तर मी म्हणे बाहेरची.

श्रावणात धोंडीरामला, माझ्या भावाला, राखी टाकायला गेले. आईच्या वर्षश्राद्धाला चारचौघांत मी त्याला म्हणाले होते, तूच आईला मारलंस. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नव्हता. म्हणून राखीसोबत चिठ्ठी होती: चुकले रे, माफ कर.

वॉचमन म्हणाला, "कुसाबाई, मागे तुमचं नाव लिहा."

"का? भावाला माझं अक्षर कळतं. तुझ्या साहेबाला कशाला कळवू मी कोणाला काय धाडते ते?"

लय भांडले. शेवटी त्यानं पाकीट घेतलं, अन् मी मोठी लढाई मारल्यासारखी गाडीवर परत आले.

भाऊबीजेला धोंडीराम दरवर्षी येतो. यंदा पाट मांडून बसले, आला नाही. संध्याकाळी त्याच्या पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, तू राखीपण नाय धाडली. बाबा म्हणतात, बहीण संपली."

डोकं फिरलं. सकाळी महेशच्या ऑफिसात शिरले. त्यानं ड्रॉवर उघडला. माझं पाकीट तिथंच.

"नाव नव्हतं. नियम म्हणजे नियम. लिहायला किती वेळ लागला असता?"

"मुडदा बशिवला तुझ्या नियमाचा," म्हणाले अन् पाकीट ओढून घेतलं. पण त्याचा तो प्रश्न भावाच्या गावापर्यंत, सटाण्यापर्यंत, बसमध्ये मला चावत राहिला.

धोंडीराम ओट्यावर होता. बैस म्हणाला नाही. चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. त्याचे डोळे भरले, मला वाटलं सुटले. मग त्यानं पाकीट उलटंपालटं केलं.

"तिकिटावर शिक्का कुठंय?"

"पेटीत पडलंच नाही रे. त्या मेल्यानं तीन महिने ड्रॉवरात ठेवलं."

"काल पोरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा लिहिलंस."

"आईशपथ, श्रावणात लिहिलं."

"आईची शपथ तू घेऊ नको," तो म्हणाला. पाकीट माझ्या हातात दिलं अन् आत जाऊन कडी लावली.